एकोणीस पत्रांची प्रश्नचिन्हं

लोकांच्या डेटाबेसमधलं बिघडलेलं मराठी नीट करून देणं हा माझा धंदा आहे. सांगलीत आमचं छोटं ऑफिस आहे. कुणाच्या सभासदांची नावं वाचता येईनाशी झाली, कुणाच्या पावतीवर मराठीच्या जागी चौकोन छापून आले, की मला फोन येतो. साताऱ्यातल्या एका वाचनालयाच्या सगळ्या पुस्तकांची नावं एका सकाळी à आणि ¤ असल्या चिन्हांत बदलून गेली होती. तिथल्या बाई फोनवर रडायच्या बेतात होत्या. आणि मी, चहाचा कप हातात धरून, त्यांना ऐकवलं होतं की आधी तपासायला काय झालं होतं तुम्हाला? हे सगळं मुद्दाम आधीच सांगते. पुढं जे झालं त्यात मला 'ठाऊक नव्हतं' म्हणायची सोय नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, विट्याचे. आमच्याकडची पुष्कळ माणसं जातात तसे तेही तरुणपणी गलाईच्या धंद्यात गेले. गलाई म्हणजे जुनं सोनं वितळवून शुद्ध करून द्यायचं. तामिळनाडूतल्या एका बाजारगावात त्यांचं दुकान होतं, दहा बाय आठचं. तिथं त्यांनी पस्तीस वर्षं काढली. आई आणि मी विट्यात. आण्णा वर्षातून दोनदा यायचे, तेव्हा पहिले दोन दिवस मी त्यांच्याशी पाहुण्यासारखी वागायची.

फोन शेजाऱ्यांकडं होता. पण त्यांच्या सोप्यात उभं राहून चारचौघांच्या देखत नवऱ्याशी काय बोलायचं, म्हणून आई पत्र लिहायची. चौथी शिकलेली बाई. जशी बोलायची तशीच लिहायची, आणि कागद संपत आला की समासात आडवी घुसायची. आण्णांनी तिची सगळी पत्रं एका जाड वहीत खळीनं चिकटवून ठेवली होती. ती वही दुकानातल्या फळीवर, भट्टीपासून हातभर अंतरावर असायची. तिथं मराठी बोलणारं माणूस महिना महिना भेटायचं नाही. मग गिऱ्हाईक नसलं की वही काढायची आणि वाचत बसायचं.

मागच्या वर्षी आई गेली. आण्णांनी दुकान बंद केलं आणि वही घेऊन घरी आले. पण भट्टीनं आणि ॲसिडच्या धुरानं त्यांचे डोळे अधू झालेत, आणि त्याच धुरानं पत्रांची शाईही विटकरी पडलेली. वही डोळ्यांशी लावून बसायचे आणि थोड्या वेळानं मिटून ठेवायचे. मला ते बघवेना. मी ठरवलं, सगळी पत्रं टाइप करून डेटाबेसमध्ये घालायची आणि त्यांना टॅबवर मोठ्या मोठ्या अक्षरांत वाचता येतील असं काहीतरी करून द्यायचं. ऑफिसात दुसऱ्यांसाठी करते तेच घरासाठी.

वही घराबाहेर न्यायला त्यांनी साफ नकार दिला. मग दर रविवारी सांगलीहून तासगावमार्गे विटा गाठायचं, जेवायचं आणि खिडकीपाशी बसून टाइप करायचं. चार महिने चाललं. बासष्ट पत्रं. फोटो का काढले नाहीत, असं आता प्रत्येकजण विचारतो. अहो, वही कपाटात होती की. जे कपाटात आहे त्याचा फोटो कशाला काढायचा, असं वाटलं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला सोललं असतं.

शेवटचं पत्र टाइप झालं त्या दिवशी मी आण्णांना म्हणाले की आता काळजी मिटली, ही वही उद्या गेली तरी चालेल, सगळं कायमचं सुरक्षित आहे. मी हे म्हणाले. माझ्या तोंडानं, हसत हसत.

पुढचे दोन रविवार मला जायला जमलं नाही. तिसऱ्या रविवारी नवा टॅब घेऊन गेले. आण्णा दारातच वाट बघत उभे होते, चेहरा खुललेला. मी टॅब बाहेर काढायच्या आत त्यांनी बंडीच्या खिशातून कागदाची पुडी काढली आणि माझ्या तळहातावर उघडली. आत तिळाएवढा सोन्याचा मणी होता. मी विचारलं, हे काय?

"तुझ्या आईच्या वहीतनं निगालं," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. मग एकदम कळलं.

गलाईवाल्यांची एक रीत आहे. ते दुकानातलं काहीच फेकत नाहीत. काम करताना सोन्याची धूळ उडते आणि सगळ्यावर बसते. म्हणून केर, झिजलेला झाडू, बसायचं पोतं, अंगातला सदरा, पायातली चप्पलसुद्धा साठवून ठेवतात. एक दिवस ते सगळं जाळायचं आणि राख मुशीत घालून वितळवायची. आतलं सोनं खाली बसतं. आण्णांना त्यात वावगं काही वाटायचं कारणच नव्हतं. पस्तीस वर्षं वही भट्टीपाशी होती, पानापानात धूळ बसलेली. त्यांच्या हिशेबी मी तिच्यातले शब्द काढून घेतले होते आणि त्यांनी सोनं काढून घेतलं होतं. वहीचं काहीच वाया गेलं नव्हतं.

मी तिथंच उंबऱ्यावर बसले. ओरडावंसं वाटलं, पण कुणावर? वही गेली तरी चालेल असं कोण म्हणालं होतं? आण्णांना माझा चेहरा बघून शंका आली असावी. ते हळू आवाजात सांगायला लागले, की कपडे-भांडी दिली, तिचं अंथरूण दिलं, ही वही तेवढी राहिली होती. पानं हात लावला की तुटत होती, कसर लागायच्या आत जाळलेली बरी. त्यांनी आंघोळ करून, हात जोडून जाळली होती. मी मनाला समजावलं. कागद गेला, जाऊ दे. आईचे शब्द आहेत ना. टॅब चालू केला, त्यांच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, वाचा.

पडद्यावर à¤¹à¤¿ अशी ओळ होती. तिच्याखाली तसलीच दुसरी, मग तिसरी.

आण्णांनी टॅब लांब धरला, जवळ धरला, चष्मा पुसला. मी तो त्यांच्या हातातून जवळजवळ ओढून घेतला आणि पुढचं पत्र उघडलं. तेच. पन्नासावं उघडलं. तिथं à नव्हतं. तिथं नुसती प्रश्नचिन्हं होती, ओळींमागून ओळी, पानभर. साध्या माणसाला दोन्ही कचराच दिसेल. मला त्यातला फरक पोटापाण्यापुरता ठाऊक आहे. à दिसलं तर अक्षरं आत जिवंत असतात, फक्त चुकीच्या पद्धतीनं वाचली जात असतात, ती परत आणता येतात. प्रश्नचिन्ह म्हणजे डेटाबेसला अक्षर कळलं नाही आणि त्यानं ते टाकून देऊन त्या जागी खूण ठेवली. तिथून परत काही येत नाही. हे वाक्य मी किती जणांना किती थंडपणे सांगितलंय.

आण्णांना म्हणाले, टॅबमध्ये बिघाड आहे, दुरुस्त करून आणते. न जेवताच निघाले. तासगाव कधी आलं आणि कधी गेलं मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बसून सगळं उकरून काढलं. चूक सापडायला अर्धा तास लागला नाही, कारण ती माझी रोजची ओळखीची चूक होती. डेटाबेसमधलं टेबल मी सुरुवातीला घाईघाईत युरोपी अक्षरांच्या जुन्या ठरावावर, म्हणजे कुठलं अक्षर कोणत्या आकड्यानं लिहायचं त्या नियमावर, सोडलं होतं. माझा प्रोग्रॅमही तोच ठराव धरून बोलत होता. दोघं मिळून एकच खोटं बोलत होते, त्यामुळं मराठी जसंच्या तसं आत जायचं आणि तसंच बाहेर यायचं. त्रेचाळीस पत्रं अशी गेली. मग एका रविवारी मला साफसफाईची हुक्की आली. प्रोग्रॅमला मी युनिकोड, म्हणजे मराठीही ओळखणारा नवा ठराव, लावून दिला, आणि टेबल बदलायचं राहूनच गेलं. त्यामुळं आधीची पत्रं à होऊन दिसायला लागली. त्या दिवसापासून पुढचं प्रत्येक पत्र टेबलानं नाकारलं आणि प्रश्नचिन्हं लिहून घेतली. नियमानं त्यानं तक्रार करायला हवी होती. पण तक्रार न करता काम पुढं रेटायची सवलतही मीच त्याला देऊन ठेवली होती. दर पत्रानंतर पडद्यावर हिरव्या पट्टीत 'जतन झाले' यायचं, रकाना रिकामा व्हायचा आणि मी पान उलटायची. एकदाही मागं वळून उघडून बघितलं नाही.

बॅकअप होते. रोजचे. रोज न चुकता प्रश्नचिन्हांचे बॅकअप निघत होते. सर्व्हरवरच्या जुन्या नोंदी शोधल्या, त्या दर पंधरवड्याला आपोआप पुसल्या जात होत्या. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. खरंच सांगते, एकदा हात गालापर्यंत गेला होता.

त्रेचाळीस पत्रं परत आली. आधी टेबलाची प्रत काढली, मग त्या खोट्या अक्षरांना पुन्हा कोरडे आकडे करून घेतलं आणि तेच आकडे युनिकोड म्हणून वाचायला लावले. à¤¹à¤¿ चं 'हि' झालं आणि पूर्ण ओळ उभी राहिली, 'हिकडं समदं बरं हाय'. मी ऑफिसात मोठ्यानं रडले. उरलेल्या एकोणीस पत्रांपुढं मात्र हात टेकले.

रविवारी आण्णांपुढं बसून सगळं सांगितलं. वाटलं होतं भडकतील, आणि भडकले असते तर बरं झालं असतं. त्यांनी कागदावर छापून आणलेली प्रश्नचिन्हं बोटानं चाचपली आणि म्हणाले, एवढं कोण काय इचारतंय हे? नंतर त्यांनीच विचारलं, की चिन्हं किती आहेत हे बघून काही कळतं का. त्यांना सोन्याचा कस राखेतून कळायचा, म्हणून असेल, पण हा प्रश्न मला, जिचा हा धंदा आहे तिला, सुचला नव्हता.

कळत होतं की. प्रत्येक अक्षराला एक, काना-मात्रा-वेलांटीला आणि पाय मोडायच्या खुणेलाही एकेक चिन्ह. शब्दांमधल्या मोकळ्या जागा जशाच्या तशा होत्या. पूर्णविरामही शाबूत होते. गेली होती ती फक्त मराठी अक्षरं, त्यांची मापं तिथंच होती. आणि आण्णांनी ती पत्रं किती वेळा वाचली होती ते एकट्या त्यांनाच ठाऊक.

मी पहिलं पत्र समोर धरलं. ??? ???? ??????. असं होतं. कोणत्या सालचं पत्र, त्याच्या आधीच्या पत्रात काय होतं, एवढं मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, म्हस व्याली. मी मोजलं. चार आणि सहा, बरोबर. पण आधी तीन चिन्हांचा आणखी एक शब्द आहे म्हटल्यावर लगेच म्हणाले, काल. काल म्हस व्याली. मेलेलं काहीतरी हलताना बघावं तसं झालं.

मग आमचं काम सुरू झालं. ते बोलायचे, मी टाइप करायची, आणि मी लिहिलेला एक छोटा प्रोग्रॅम मापं जुळतात का बघायचा. जुळलं नाही तर आण्णा चिडायचे, माझ्यावर नाही, स्वतःवर. कधी एका शब्दासाठी अर्धा तास जायचा आणि मग जेवताना मध्येच घास खाली ठेवून सांगायचे, 'शेंगा' न्हाई गं, 'भुईमूग' लिवलं हुतं तिनं. मोजावं तर बरोबर. काही ओळी नाहीच सापडल्या, तिथं मी चिन्हं तशीच ठेवली. पण अठरा पत्रं बहुतेक उभी राहिली. मला एवढं ठाऊक नव्हतं की माझे वडील माझ्या आईला असं पाठ करून बसलेत. आम्ही त्यांना भट्टीपुढचा अबोल माणूस समजत होतो.

एकोणिसावं पत्र मी मुद्दाम शेवटाला ठेवलं होतं. ते मी सांगलीत कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असतानाचं. आण्णा सुरू झाले, आईच्या शब्दांत. हॉस्टेलवर गेले होते, एष्टीला गर्दी होती, चटणी-भाकरी दिली, पोरगी वाळलीया. मापं जुळत होती, मी टाइप करत होते. शेवटचा पूर्णविराम आला. पडद्यावरची चिन्हं संपली. मी झटकन म्हणाले, झालं आण्णा, संपलं पत्र.

"न्हाई," ते म्हणाले. "अजून हाय की समासात."

समासात होतं. मला ते ठाऊक होतं. टाइप करताना मी ते वाचलं होतं, वही तशीच मांडीवर धरून कितीतरी वेळ बसले होते, आणि मग ते न घालताच पान उलटलं होतं. इतर चुका घाईत झाल्या. ही मी डोळे उघडे ठेवून केली होती.

त्या दिवशी आई डबा घेऊन हॉस्टेलच्या फाटकात उभी होती. माझ्याबरोबर दोन मैत्रिणी होत्या, पुण्याकडच्या. त्यांनी विचारलं कोण आहेत, आणि मी म्हणाले, आमच्या गावाकडच्या आहेत, घरून निरोप आणलाय. हळू म्हणाले होते. आईनं डबा दिला, 'बरं हाय, निघते' म्हणाली आणि गेली. समासातलं ते वाचेपर्यंत इतकी वर्षं मी धरून चालले होते की तिला ते ऐकू गेलं नाही. तिनं कधी डोळ्यांतसुद्धा दाखवलं नव्हतं.

आण्णा समोरच्या भिंतीकडं बघत एकेक शब्द सांगायला लागले, मापाची वाट न बघता.

"पोरीनं वळख दिली न्हाई. गावाकडची बाई म्हणाली. तुमी तिला काई बोलू नगा. माझंच पातळ जुनं हुतं."

मला वाटलं ते आता माझ्याकडं बघतील, पण ते बघेनात. मग त्यांनी विचारलं, एवढं त्या चिन्हांत न्हाई का? आणि नसंल तर ते मशीननं खाल्लं का?

हो म्हणायची सोय होती. इतकं सगळं मशीनच्या नावावर गेलंच होतं, त्यात हेही खपलं असतं. माझ्या जिभेवर ते आलंही होतं.

"मशीननं नाही, आण्णा," मी म्हणाले. "मी घातलंच नव्हतं ते."

त्यांनी मान हलवली. त्यांना ते ठाऊक असावं असं मला वाटलं. बावीस वर्षं त्यांच्यापाशी ही ओळ होती. त्यांनी मला कधी एका शब्दानं विचारलं नाही, कारण तिनं बोलू नका म्हणून लिहिलं होतं. आणि वही मला टाइप करायला दिली तेव्हाही आत काय आहे हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. दर रविवारी ते जेवण झाल्यावर माझ्या शेजारी पलंगावर येऊन बसायचे. मला वाटायचं कौतुकानं बसतात. ते मी काहीतरी बोलेन म्हणून थांबत होते.

मी तोंड ओंजळीत घेतलं. माफी मागायची तर कुणाची, ती तर गेली. आण्णांनी मला रडू दिलं. पाठीवर हातही फिरवला नाही, आणि तेच बरं केलं.

"लिव आता," मग ते म्हणाले. "तिनं लिवलंय तसं लिव."

मी लिहिलं. तिचे शब्द, तिच्याच पद्धतीनं, 'नगा' आणि 'हुतं' सकट. जतन केलं आणि टेबल उघडून बघितलं. अक्षर न् अक्षर जागच्या जागी होतं. आण्णांनी टॅब मागितला, डोळ्यांपासून वीतभर लांब धरला आणि बोट ठेवत ठेवत, अडखळत, मोठ्यानं वाचायला लागले. पोरीनं वळख दिली न्हाई. त्यांच्यापुढं बसून मी ते शेवटपर्यंत ऐकलं.